तोरणमाळचा उतार आणि शर्यतीचा ट्रॅक : ब्रेकची चकती कशी निवडावी

रोज वापरातली मोटार अधूनमधून बंदिस्त शर्यतमार्गावर चालवायची असेल, तर तिच्या ब्रेकला छिद्रांची डिस्क घ्यावी, खाचांची घ्यावी की साधीच पुरेल? अशा दिवसांना ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. तेथे क्रमांकासाठी स्पर्धा नसते. मालक शुल्क भरून स्वतःची मोटार ठरलेल्या वेळेत हव्या त्या वेगाने चालवतात आणि संध्याकाळी त्याच मोटारीने घरी परततात. नंदुरबार, शहादा किंवा तळोद्याच्या मालकाच्या दृष्टीने हे परतणे फार महत्त्वाचे आहे, कारण ज्यांवर असे दिवस भरतात ते देशातील प्रमुख शर्यतमार्ग चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे, कोइम्बतूरला आणि ग्रेटर नोएडाला आहेत. तेथून शेकडो किलोमीटरचा रस्ता आणि वाटेतले घाट पार करून येताना दिवसभर तापलेल्या त्याच चकतीवर विसंबावे लागते.

१. चकतीचे खरे काम

चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या जाड चकतीला रोटर किंवा डिस्क म्हणतात. तिला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा आणि पेडल दाबताच पॅड तिच्यावर आवळणारा भाग म्हणजे कॅलिपर. पॅड घासले की चाक थांबते, एवढे वर्णन बहुतेकांना पुरते. परंतु निवडीच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग निसटतो. धावत्या मोटारीत साठलेली गतीची ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणामुळे तिची उष्णता होते आणि त्या उष्णतेचा फार मोठा वाटा काही सेकंदांत चकतीत शिरतो. म्हणून चकतीची दोन कामे मानली पाहिजेत : आलेली उष्णता क्षणभर सामावून घेणे आणि पुढचा ब्रेक लागण्याआधी ती हवेत सोडून देणे.

इंग्रज अभियंता फ्रेडरिक लँचेस्टर याने १९०२ मध्ये चकतीच्या ब्रेकचे एकस्व घेतले, तरी ही रचना खऱ्या अर्थाने नावारूपाला आली ती १९५३ मध्ये, जेव्हा डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जुन्या पद्धतीच्या ड्रम ब्रेकमध्ये घर्षण बंद ड्रमच्या आत होते, तेथे उष्णता कोंडते, तर उघड्या चकतीवरून वारा सतत वाहतो. चोवीस तास तोच जोराचा ब्रेक पुनःपुन्हा मारावा लागतो तेथे हा फरक निर्णायक ठरला.

२. उष्णतेचा हिशोब

गतीची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १,२०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे १६७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. तीच मोटार १२० वरून थांबवली, तर वेग दुप्पट असला तरी उष्णता चौपट, म्हणजे सुमारे ६६७ किलोज्यूल होते. ट्रॅकवर मोटार सहसा पूर्ण थांबत नाही; सरळ पट्ट्याच्या शेवटी १५० वरून ६० पर्यंत वेग उतरवून ती वळणात शिरते. या एका ब्रेकमध्ये सुमारे ८७५ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते.

या आकड्याचा अर्थ नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला तोरणमाळच्या रस्त्यावरून चांगला समजू शकेल. सातपुड्यातील तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आहे, आणि तेथून तापी खोऱ्याच्या सपाटीवरील शहाद्याकडे उतरताना मोटार साधारण एक हजार मीटर खाली येते. १,२०० किलोची मोटार एक हजार मीटर उतरली की सुमारे ११,७६० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ट्रॅकवरच्या तेरा-साडेतेरा जोरदार ब्रेकांइतकी. हा उतार पाऊण तासात पार केला असे धरले, तर मिनिटाला सुमारे २६० किलोज्यूल पडतात, आणि खालचा गिअर टाकून उतरणाऱ्या चालकाच्या बाबतीत त्यांतला बराच भार इंजिनच पेलते.

आता ट्रॅकचा हिशोब पाहावा. दोन मिनिटांच्या फेरीत असे चार ब्रेक लागतात असे गृहीत धरले, तर मिनिटाला १,७५० किलोज्यूल होतात, म्हणजे घाटाच्या जवळजवळ सातपट. आणि वीस मिनिटांच्या एका सत्रात चाळीस ब्रेक मिळून ३५,००० किलोज्यूल, म्हणजे इंजिनची कसलीही मदत न घेता लागोपाठ तीन वेळा तोरणमाळ उतरण्याइतके. घाटात वर्षानुवर्षे विश्वासाने चाललेले ब्रेक ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत का दमतात, याचे उत्तर या आकड्यांत आहे. ब्रेक वाईट असतात असे नाही. त्यांना उष्णता सोडायला वेळ मिळत नाही.

याच कारणाने नुसता वेग ही ब्रेकची परीक्षा ठरत नाही. खेतिया-सेंधवामार्गे नंदुरबारहून गाठता येणाऱ्या पीथमपूर येथील ‘नॅट्रॅक्स’ या चाचणी-संकुलात २०२१ च्या जूनमध्ये सुरू झालेला ११.३ किलोमीटरचा अतिवेगाचा लंबगोल मार्ग आहे; तेथे मोटार प्रचंड वेगाने बराच काळ धावू शकते, तरीही ब्रेक जवळजवळ थंड राहू शकतात, कारण वेग उतरवावाच लागत नाही. उलट कोइम्बतूरचा सुमारे २.१ किलोमीटरचा कारी मार्ग आखूड असला, तरी वळणे लवकर लवकर येत असल्याने चकतीला उसंत कमी मिळते.

३. वजन आणि हवा

वरच्या उदाहरणातील ८७५ किलोज्यूलपैकी सुमारे ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो, कारण ब्रेक मारताच मोटारीचा भार पुढे झुकतो. प्रत्येक पुढच्या चकतीच्या वाट्याला साधारण ३०६ किलोज्यूल येतात. एक किलो बीड एक अंशाने तापायला ढोबळ मानाने अर्धा किलोज्यूल लागतो; तेव्हा सहा किलोची चकती एका ब्रेकमध्ये सुमारे १०० अंशांनी, पाच किलोची सुमारे १२० अंशांनी आणि आठ किलोची ७५ अंशांच्या आसपास तापते. पॅडमध्ये जाणारी उष्णता आणि हवेचा विरोध यांमुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी भरतात, पण प्रमाण हेच राहते. भाकरीचा बिडाचा जाड तवा आणि पातळ पत्र्याचा तवा एकाच चुलीवर ठेवले, तर पत्रा झटकन लाल होतो आणि बीड सावकाश तापते; एकेका ब्रेकच्या धक्क्याबाबत जड चकतीचा फायदा नेमका हाच आहे.

तथापि वजनाची मर्यादाही समजून घेतली पाहिजे. समजा एका ब्रेकने चकती १०० अंशांनी तापली आणि पुढच्या ब्रेकपर्यंत ८० अंशांनी निवली. वीस अंश उरले, त्यांवर पुढचे शंभर चढले. असे होत होत तापमान वर सरकत जाते. मात्र चकती जितकी गरम, तितकी ती उष्णता अधिक जोराने सोडते, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर येणारी आणि जाणारी उष्णता बरोबरीत येते आणि तापमान एका पातळीभोवती स्थिरावते. ही पातळी किती उंच असेल हे वजनाने ठरत नाही. ते हवेने ठरते. वजन वाढवल्याने ती पातळी यायला उशीर लागतो आणि प्रत्येक ब्रेकचा चढउतार सौम्य होतो, पण हवा खेळती नसेल तर अखेरीस जड चकतीही तेवढीच तापते. दुकानात आणि मित्रमंडळींत होणाऱ्या चर्चांत या दोन गोष्टींची गल्लत सर्वाधिक होते, म्हणून ती येथे मुद्दाम वेगळी काढली आहे.

हवा खेळवण्यासाठी पुढच्या चकत्या पोकळ करतात : दोन पातळ चकत्यांच्या मध्ये बिडाचेच पडदे असतात आणि चाक फिरताना मधोमध शिरलेली हवा कडेकडून बाहेर फेकली जाते. पडदे सरळ असतील, तर चकती कोणत्याही बाजूला चालते. ते वाकडे असतील, तर हवा अधिक चांगली वाहते, परंतु डावी आणि उजवी चकती वेगळी होते. पडद्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावीत, हा नियम आहे. पृष्ठभागावरच्या खाचांची दिशा पाहून बाजू ठरवण्याची चूक अनुभवी कारागीरही करतात. बाजू ठरवायची ती कडेतून आत डोकावून, पडदे पाहून.

उन्हाळ्यात नंदुरबारचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा ब्रेक लवकर तापतात, असा समज ऐकू येतो. पाचशे अंशांवरच्या चकतीला भोवतालची हवा वीस अंशांची की त्रेचाळीस अंशांची, याने फारसे बिघडत नाही. बंपरमधील हवेच्या वाटा चिखलाने बुजलेल्या असणे किंवा चकतीमागचा संरक्षक पत्रा वाकून तिला चिकटलेला असणे, याने मात्र नक्कीच बिघडते.

४. छिद्रे आणि खाचा

छिद्रांच्या चकत्या आल्या तेव्हा त्यांना कारण होते. जुन्या काळातील पॅड फार तापले की त्यांतून वायू सुटे, तो पॅड आणि चकती यांच्यामध्ये अडके आणि पकड सुटे. छिद्रांतून तो वायू निघून जाई. आजच्या पॅडमधून असा वायू फार कमी सुटतो. उरलेला खरा फायदा पावसातला आहे. तोरणमाळच्या किंवा चांदसैली घाटाच्या रस्त्यावर धुक्यापावसात चकतीवर पाण्याचा थर बसतो, तो छिद्रांमुळे लवकर निघतो आणि पहिली पकड चटकन मिळते.

ट्रॅकवर मात्र छिद्र हा दुबळा बिंदू ठरतो. प्रत्येक ब्रेकमध्ये चकतीचा पृष्ठभाग आतल्या भागाच्या आधी तापून फुगू पाहतो आणि थंड गाभा त्याला रोखतो. या ओढाताणीचा ताण छिद्राच्या काठाशी एकवटतो. शेकडो वेळा असे झाले की काठापासून बारीक भेग निघते, शेजारच्या छिद्राकडे सरकते आणि शेवटी एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचते. शिवाय छिद्रे पाडताना काढलेले बीड म्हणजे उष्णता सामावणारे वजनच गमावलेले असते. साध्या चकतीला स्थानिक वर्कशॉपमध्ये ड्रिलने छिद्रे पाडून घेणे हा तर सरळ धोका आहे, कारण भोके आतल्या पडद्यांवर पडली तर चकती जागीच कमकुवत होते.

खाचा पृष्ठभागावरच कोरलेल्या असतात, आरपार नसतात. त्यामुळे त्यांचे नुकसान बरेच कमी आहे. पॅडची जळालेली भुकटी त्या खरवडून काढतात आणि पॅडचा पृष्ठभाग ताजा ठेवतात. त्याची किंमत म्हणून पॅड थोडे लवकर झिजतात आणि ब्रेक लागताना घरघर ऐकू येते. वर्षातून एक-दोन ट्रॅक-डे करणाऱ्या मालकासाठी चांगल्या बिडाची साधी पोकळ चकती ही पहिली निवड आणि खाचांची दुसरी; छिद्रांची चकती केवळ दिसण्यासाठी घ्यावी असे कोणतेही कारण उरत नाही.

५. बीड आणि त्याचे महाग पर्याय

चकतीसाठी जे करडे बीड वापरतात त्यात तीन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि तो ग्रॅफाइटच्या सूक्ष्म पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. हे पापुद्रे उष्णता झटकन आत नेतात आणि कंपने शोषून घेतात. कार्बनचे प्रमाण आणखी वाढवलेल्या, ‘हाय कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या चकतीत हे दोन्ही गुण वाढतात. तिची ताकद किंचित कमी असली, तरी उष्णतेने तडकण्यास ती अधिक काळ दाद देत नाही. थोडे जास्त पैसे खर्च करायचे असतील, तर ते छिद्रांपेक्षा या बिडावर खर्च करणे शहाणपणाचे आहे. महाराष्ट्राला हा धातू परका नाही : कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्री मोटार-उद्योगासाठी बिडाचे ओतीव भाग पुरवत आल्या आहेत.

त्यापुढची पायरी म्हणजे दोन भागांची चकती. तिच्यात बाहेरचे कडे बिडाचे आणि मधली टोपी ॲल्युमिनियमची असते व दोन्ही किंचित सैल जोडणीने एकत्र धरलेली असतात. तापलेल्या कड्याला फुगायला जागा मिळते, त्यामुळे ते वाडग्यासारखे एका बाजूला कलत नाही. वजन घटते आणि झिजल्यावर कडेच तेवढे बदलता येते. जवळजवळ दर महिन्याला ट्रॅकवर जाणाऱ्यास ती परवडते. इतरांना खराब रस्त्यावर तिचा खुळखुळाट आणि किंमत, दोन्ही जड जातात. कार्बन-सिरॅमिक चकत्या वजनाने निम्म्याच्या आसपास आणि गंजमुक्त असतात, पण त्या महागड्या मोटारींसाठीच मिळतात आणि सततच्या अतितापमानात त्यांतला कार्बन हळूहळू जळत जातो. सामान्य मोटारीच्या संदर्भात त्यांचा विचार येथेच थांबवता येतो.

६. चकतीच्या आधी

ट्रॅकवर ब्रेक गेल्याच्या घटनांत दोष चकतीचा असेलच असे नाही. पेडल घट्ट लागते, पण मोटार थांबत नाही, तेव्हा पॅड त्यांच्या तापमानाच्या मर्यादेपलीकडे गेलेले असतात. पेडल मऊ होऊन खाली जाते, तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेले असते : नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाचा सारा जोर ते बुडबुडे दाबण्यात खर्च होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषलेल्याचा १५५, डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. म्हणून हजारो रुपयांची चकती घेण्यापूर्वी काही शे रुपयांचे ऑइल बदलणे आणि अधिक तापमान सोसणारे पॅड बसवणे, हा क्रम पाळला पाहिजे. कित्येकांना त्यानंतर मूळ मापाचीच चकती पुरते.

मोठ्या व्यासाच्या चकतीविषयीही स्पष्टता हवी. तिच्यामुळे पहिला ब्रेक लवकर लागत नाही, कारण थांबण्याचे अंतर शेवटी टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. दहावा ब्रेक पहिल्यासारखा लागावा, एवढ्यासाठी ती असते. तिच्यासाठी कॅलिपरचे ब्रॅकेट बदलावे लागते, चाकाच्या रिममध्ये जागा लागते, आणि केवळ पुढचा जोर वाढल्यामुळे पुढची चाके आधी घसरू लागून मागच्या ब्रेकचा वाटा वाया जाऊ शकतो. भारतातील बहुतेक लहान मोटारींना मागे ड्रमच असल्याने हा समतोल आधीच नाजूक असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. मूळ मापाची चकती बदलणे ही मात्र साधी दुरुस्ती आहे.

७. दुकानात काय पाहावे

मूळ मापाच्या दोन चकत्या वरून सारख्या दिसल्या, तरी आतून वेगळ्या असू शकतात. स्वस्त चकतीत दोन्ही बाजूंचे बीड पातळ आणि मधली फट रुंद ठेवून एकूण जाडी तेवढीच भरवलेली असते, किंवा पडद्यांची संख्या कमी केलेली असते. यावर सर्वांत सोपी कसोटी म्हणजे वजनकाटा. कंपनीची मूळ चकती आणि पर्यायी चकती दोन्ही तोलून पाहाव्यात. पर्यायी चकती लक्षणीय हलकी भरली, तर तिसऱ्या भागातील हिशोबाप्रमाणे ती प्रत्येक ब्रेकला अधिक तापणार हे निश्चित समजावे. त्यानंतर कडेतून पडदे मोजावेत, दोन्ही बाजूंचे बीड सारख्या जाडीचे आहे का ते पाहावे, आणि चकतीवर किमान जाडी कोरलेली आहे की नाही हे तपासावे. ही जाडी म्हणजे झिजून जिच्या खाली गेल्यास चकती वापरू नये ती मर्यादा होय.

जुनी चकती लेथवर खरडून पुन्हा वापरण्याची पद्धत गावोगावी रूढ आहे. रस्त्यापुरते, किमान जाडी राखून, ते चालते. ट्रॅकसाठी खरडलेली चकती घेऊन जाणे म्हणजे उष्णतेसाठी ठेवलेले वजनच घरी ठेवून जाणे होय.

८. बसवणे आणि टाकून देणे

नवी चकती बसवण्यापूर्वी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढला पाहिजे, कारण तेथला केसाएवढा खवलाही चकतीला डुलवतो. ‘डिस्क वाकडी झाली’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बऱ्याच मोटारींत चकती वाकलेली नसते; पॅडचा पदार्थ तिच्यावर असमान चिकटलेला असतो किंवा जाडीत मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडलेला असतो, आणि तेवढ्यानेही स्टिअरिंग थरथरते. म्हणून नवी चकती आणि नवे पॅड एकमेकांना बसू द्यावे लागतात : मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, वाढत्या जोराने वेग उतरवावा आणि नंतर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून चकती निववावी. ट्रॅकवर सत्राची शेवटची फेरी अशीच संथ घ्यावी. मोटार उभी केल्यावर ब्रेकवर पाय ठेवू नये आणि हँडब्रेक ओढू नये, गिअरमध्ये ठेवून चाकाला अडण लावावी. घाट उतरल्यावर तापलेल्या चाकांवर पाणी मारण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण लाल होण्याच्या बेतात असलेल्या बिडावर थंड पाणी पडणे हेच भेगेचे निमंत्रण असते.

प्रत्येक ट्रॅक-डेनंतर, घरचा रस्ता धरण्याआधी, चाक काढून चकती पाहावी. पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळीसारख्या बारीक, नखाला न लागणाऱ्या रेषा दिसत असतील, तर ते तापण्याचे साधे चिन्ह आहे आणि चकती वापरात राहू शकते. भेगेत नख अडकत असेल, तर ती पुन्हा ट्रॅकवर नेऊ नये. भेग बाहेरच्या काठापर्यंत पोहोचली असेल, एका छिद्रापासून दुसऱ्यापर्यंत गेली असेल किंवा मधल्या टोपीच्या मुळाशी दिसत असेल, तर त्या मोटारीने घाट उतरू नये. दोन्ही बाजूंच्या चकत्या जोडीनेच, नव्या पॅडसह, तेथेच बदलून घ्याव्यात, आणि त्यासाठी एक जोड निघतानाच डिकीत टाकलेला असावा.